वाढत्या अंगाचं

कृष्णात दुकानाच्या पायरीवर चढला की खालची फळी कुरकुरायची, आणि फळी कुरकुरली की पडद्यामागं जुलेखा मापाची वही उघडायची. शिवाजी पेठेतलं करीम टेलरचं दुकान म्हणजे त्याच्या घराचीच पुढची खोली. पुढं मशीन आणि कापायचं टेबल, मध्ये फुलाफुलांचा पडदा, आणि पडद्याआड काजं-बटणं करत बसलेली त्याची बायको. करीम गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावून आकडा मोठ्यानं सांगायचा, जुलेखा तो लिहून घ्यायची आणि आतून म्हणायची, "पुढं." मग करीम पुढचं माप घ्यायचा. तीस वर्षं हे असंच चाललं होतं.

चौऱ्याऐंशी सालच्या चैत्रात कृष्णात आला तो एस.टी.च्या ड्यूटीवरून थेट, गळ्यात कंडक्टरची चामडी पिशवी तशीच. गारगोटीच्या गाडीवर तो बारा वर्षं होता. वय एकतीस, पण तीन पायऱ्या चढून आला की मशीनला हात टेकून दम खात उभा राहायचा. त्या दिवशी मात्र दम खायलाही थांबला नाही.

"चाचा, दीड म्हैना झाला, दुधाच्या कट्ट्याचं तोंड बघितलं न्हाय," तो म्हणाला. "च्यात साखर न्हाय, भात न्हाय. स्टँडपासनं घरापत्तर चालत येतोय. आता डॉक्टरकडं जायाचं हाय. जरा टेप लावून बघा की, काय उतरलंय का."

करीमनं टेप गळ्यातून काढली, पण ती लगेच लावली नाही. त्याला कारण होतं. कृष्णातच्या पानावर जुलेखाच्या वहीत एक घोळ होता, आणि तो करीमनं स्वतःच्या हातानं वीस वर्षं घालून ठेवला होता.

बासष्ट सालच्या दिवाळीआधी चिमणाबाई आपल्या नऊ वर्षांच्या लेकाला, म्हणजे ह्याच कृष्णातला, घेऊन दुकानात आली होती. तिचं पहिलं पोर दीड वर्षाचं होऊन गेलं. हडकुळं होतं म्हणून गेलं, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, आणि ते काढून टाकणारा कुणी तिला भेटला नाही. दुसऱ्याच्या बरगड्या कुणाला दिसता कामा नयेत असं तिनं तो पोटात असतानाच ठरवून टाकलं. रोज सकाळी ती त्याला गंगावेशीतल्या कट्ट्यावर न्यायची. तिथं म्हशी आणून उभ्या करतात, गिऱ्हाइकाच्या पुढ्यात धार काढतात आणि फेसाळ पेला हातात देतात. सकाळी एक पेला, संध्याकाळी एक, वर घरी तुपात निथळणारा शिरा. पेठ त्याला पैलवान म्हणायची. गडी तालमीच्या उंबऱ्याच्या आत कधी गेला नाही, पैलवान मात्र झाला.

"वाढत्या अंगाचं शिवा, करीमभाई," चिमणाबाई म्हणाली होती. हे सगळ्याच आया म्हणायच्या. मग करीम शिवणीत जास्तीचं कापड दाबून ठेवायचा, आणि पोर वाढलं की उसवून सैल करून द्यायचा. एका कपड्यात दोन दिवाळ्या निघायच्या.

त्या दिवशी करीमनं नेहमीसारखा आवाज दिला, "कंबर बत्तीस!" बाकावर तालमीतले दोन गडी बसले होते. त्यातला एक मांडीवर थाप मारून ओरडला, "आयला, माझी बी बत्तीसच हाय की!" दुकान हसलं, चिमणाबाईसुद्धा कौतुकानं हसली. पोरगं तेवढं हसलं नाही. त्यानं दोन्ही हात पोटावर धरले आणि माप संपेपर्यंत सोडले नाहीत. पुढच्या वर्षी आईनं त्याला ओढतच आणलं. टेप पोटाला लागली तसा त्यानं श्वास आत ओढून धरला आणि तोंड लालबुंद होईपर्यंत सोडलाच नाही. करीमला दोन मुली, मुलगा नाही, आणि ह्या पोरावर त्याचा जीव होता. टेपवर तेहेतीस दिसत होतं. तो म्हणाला, "एकतीस!" पोरानं श्वास सोडला आणि पहिल्यांदाच त्याच्याकडं बघून हसला.

रात्री जेवताना त्यानं जुलेखाला खरं सांगितलं. तिनं एकतीसच्या पुढं एक टिंब दिलं. एक टिंब म्हणजे दोन इंच. कापताना टिंबासकट धरायचं. पुढं टिंबं दोन झाली, तीन झाली. कृष्णात नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, त्याला पोर झालं, आणि करीम तोंडानं अडतीसच सांगत राहिला. त्याचे सगळे कपडे करीमच शिवायचा, त्यामुळं विजार अंगाला झकास बसायची आणि कुणाला काही सांगायची नाही. वजनकाट्याचं नाव काढलं की कृष्णातला काहीतरी काम आठवायचं. मग गेल्या माघात त्याला तहान तहान व्हायला लागली, गाडी प्रत्येक थांब्यावर थांबली की तो आडोशाला पळायला लागला, आणि पेठेतल्या डॉक्टरनं साखर सांगितली.

तर आता करीमनं टेप लावली. वहीत मागचं खरं माप चव्वेचाळीस होतं. टेप साडेत्रेचाळीसवर आली. करीमनं ती पुन्हा लावली. अर्धा इंच खरंच उतरला होता. समोर कृष्णात डोळे मिटून उभा होता, निकाल ऐकायला उभ्या असलेल्या शाळकरी पोरासारखा. दीड महिना पोट मारलं आणि मिळाला अर्धा इंच, असं ऐकलं तर हा हाय खाईल, करीमच्या मनात आलं. सगळं सोडून देईल. त्याला जरा हुरूप यायला पाहिजे.

"छत्तीस!" करीम म्हणाला.

पडद्यामागून "पुढं" आलं नाही.

"छत्तीस? म्हंजे दोन इंच?" कृष्णातनं डोळे उघडले. "दोन इंच उतरली, चाचा?"

"दोन इंच."

त्यानं करीमला टेपसकट मिठी मारली. "आता आदी डॉक्टरला सांगून येतो. आणि मग कट्ट्यावर जातो. आज एक पेला तर पायजेच की हो! दोन इंच उतरलीत!" फळी कुरकुरली आणि तो गेलाही.

जुलेखा पडदा सारून बाहेर आली. हातात वही होती.

"अर्धा इंच कमी झाला हुता न्हवं? पडद्याच्या फटीतनं दिसत हुतं मला."

"अर्ध्या इंचानं काय हुतंय?"

"त्यानं कमावला हुता त्यो. त्येवढाच सांगितला असता तर काय बिघडलं असतं?" ती म्हणाली. "आणि आता मी टिंबं तरी किती देऊ? साडेसात इंचाला टिंबं कशी देत्यात, सांगा मला."

करीम मशीनवर जाऊन बसला. कापड न लावताच त्यानं मशीन चालवलं आणि मग ते लक्षात येऊन थांबवलं.

दोन दिवसांनी कृष्णात रस्त्यावरूनच ओरडून गेला, "डॉक्टर खूश हाय, चाचा! पथ्य लागू पडलंय म्हणाला. गोळी हाय तेवढीच ऱ्हाऊ दे म्हणाला!"

त्या दिवसापासून करीमला बसवेना. तो मशीनवर बसायचा, उठायचा, दारात जायचा, पुन्हा येऊन बसायचा. हंबीरराव सावकारांच्या सदऱ्याची डावी बाजू त्यानं दोनदा कापली आणि उजवी विसरला. जुम्म्याच्या नमाजाला गेला तरी मनात हेच, की आज परत येताना कृष्णातच्या घरी जायचं आणि सांगून टाकायचं. परत येताना पाय मात्र दुकानाकडंच वळायचे. सांगायचं म्हणजे एका अर्ध्या इंचाचं सांगून भागणार नव्हतं. वीस वर्षांचं सांगावं लागणार होतं. मी सांगायचो तेवढा बारीक तू कधीच नव्हतास, आणि हे मला रोज माहीत होतं, असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

कृष्णात तर रंगात आला होता. सकाळचा पेला सुरू झाला, मग संध्याकाळचा. वटपौर्णिमेला चिमणाबाईनं पुरणपोळ्या केल्या, त्यातल्या सहा त्यानं खाल्ल्या, आणि हे त्यानंच दुकानात येऊन मोठ्या प्रौढीनं सांगितलं. "उतरवायचं कसं ते आता कळलंय न्हवं, चाचा. वाटलं की उतरवू."

आषाढात एका सकाळी करीम उठला तो ठरवूनच. टोपी घातली आणि थेट स्टँडवर गेला. गारगोटीची गाडी फलाटाला लागली होती, भरलेली. करीम खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. आत कृष्णात तिकिटं फाडत बाकड्यांमधून पुढं सरकत होता. सरकत कसला, माणसं अंग चोरून त्याला वाट करून देत होती.

"पावणं, जरा सरकून घ्या की," तो एकाला म्हणाला.

"सरकायचं कुठं, मास्तर? सगळी जागा तुमीच घ्येतलीया!"

गाडी हसली. करीमनं मान खाली घातली, त्याला वाटलं पोरगं आता दोन्ही हात पोटावर धरणार. पण कृष्णात सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसला.

"आता छत्तीसच ऱ्हायलीया, पावणं! आदी बघायला पायजे हुतं!"

त्याला खिडकीत करीम दिसला. "चाचा! तुमी हितं कुठं?" म्हणत तो दाराशी आला आणि पायरीवरून खाली उतरला. डाव्या पायाच्या अंगठ्याला त्यानं चिंधी बांधली होती, ती ओली होती.

"पायाला काय झालं?"

"नवी चप्पल चावलीया. पंधरा दीस झालं, बरंच व्हईना बघा. दुकत न्हाय पण. तुमी काय काम काढलंसा?"

"काय न्हाय," करीम म्हणाला. "हिकडनं चाललो हुतो."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. कृष्णात दांड्याला धरून दोन झटक्यांत वर चढला, घंटी वाजली आणि गाडी गेली. करीम रिकाम्या फलाटावर पुढची गाडी लागेपर्यंत उभा होता. स्वतःला शिव्या देत तो घरी आला.

नागपंचमीनंतर कळलं. अंगठा काळा पडला होता. सरकारी दवाखान्यात कृष्णातच्या डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट काढलं. करीमनं वही एका पंच्यात गुंडाळली आणि जुलेखाला फक्त एवढंच म्हणाला, "घेऊन जातोय." तिनं अडवलं नाही.

वॉर्डाच्या दारातच तरुण डॉक्टर कृष्णातच्या बायकोला, शालूला, समजावत होते. पेठेतले नव्हेत, हे दवाखान्यातले. करीम तिथंच थांबला.

"साखर आजची नाही त्यांची," डॉक्टर म्हणत होते. "नऊ-दहा वर्षांच्या वयात अंगावर जे चढतं ना, ते बहुतेकांच्या अंगावर मोठेपणीही राहतं. उतरवायचं तर वर्षानुवर्षं नेट लावावा लागतो. साखर, रक्तदाब, सगळं त्याच्या मागोमाग येतं, आणि लवकर येतं. एकतिसाव्या वर्षी पायाची जखम दुखूही नये, हे काय वय आहे? आणि हे म्हणतात दोन इंच उतरली होती. त्यांच्या डॉक्टरांनी त्यावरच गोळी वाढवली नाही. उतरली असती तर असं झालं नसतं. कुणी मोजलं होतं, देव जाणे!"

करीमनं वही बगलेत घट्ट धरली. मग तो आत गेला.

खाटेवर कृष्णात उशीला टेकून बसला होता. पायाशी चिमणाबाई, मांडीवर शिऱ्याचा डबा, अजून झाकण न काढलेला. करीमनं बसायच्या आधीच पंचा सोडला आणि वही त्याच्यासमोर धरली. बसला असता तर त्याच्यानं बोलणं झालं नसतं.

"म्या मोजलं हुतं," तो म्हणाला. "चुकीचं सांगितलं. आत्ताच न्हाय, पयल्यापासनं. ही टिंबं हायती न्हवं आकड्याच्या पुढं, एक टिंब म्हंजे दोन इंच."

कृष्णातला आधी कळलंच नाही. मग तो एकेक ओळ बोटानं धरून खाली सरकला. चिमणाबाई एकदा वहीकडं आणि एकदा करीमकडं बघत होती.

"हे पयलं टिंब?"

"त्रेसष्टची दिवाळी. तू श्वास धरला हुतास."

"म्हंजे मी अडतीस कदी न्हवतोच."

"हुतास की. मॅट्रिकला हुतास तवा."

बाजूच्या खाटेवरचा म्हातारा फसकन हसला. कृष्णात हसला नाही. तो शेवटच्या ओळीवर आला होता. तिथं छत्तीस लिहून खोडलं होतं आणि पुढं जुलेखाच्या वळणदार अक्षरात खरा आकडा होता, साडेत्रेचाळीस. त्याच्या वर चव्वेचाळीस.

"अर्धा इंच खरंच उतरली हुती?" त्यानं हळूच विचारलं.

"व्हय."

"मग त्यो सांगायचा न्हाय व्हय, चाचा?" कृष्णात म्हणाला. "त्यो माझा हुता की! जलमात पयल्यांदा म्या उतरवला हुता. त्येवढा एकच खरा हुता, आणि त्योच तुमी दिला न्हाईसा."

करीमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यानं पुसलंही नाही. चिमणाबाई मात्र उसळली. "माझ्या लेकराचं वाटोळं केलंसा, करीमभाई! एवढा जीव लावला आमी तुमाला! शिवायचं सोडून हे धंदं कुणी सांगितलं हुतं तुमाला?" ती बरंच बोलली आणि करीम सगळं ऐकत उभा राहिला. बोलता बोलता तिनं सवयीनं डब्याचं झाकण काढलं, शिऱ्याचा वास सुटला, आणि कृष्णातनं ते झाकण तिच्या हातातून घेऊन परत लावलं. तेव्हा ती पदर तोंडाला लावून रडायला लागली.

"जावा आता, चाचा," कृष्णात भिंतीकडं तोंड करून म्हणाला.

त्या वर्षीची दिवाळी आली आणि गेली. बावीस वर्षांत पहिल्यांदा कृष्णातच्या घरचा एकही कपडा करीमच्या मशीनवर आला नाही. फळी कुरकुरली की करीमचा हात थांबायचा आणि पडद्यामागं वहीची पानं वाजायची. कुणीतरी दुसरंच असायचं. जुलेखानं त्याला एका शब्दानंही टोचलं नाही, ह्याचाच त्याला जास्त त्रास व्हायचा. कृष्णातला आता गाडीवरून काढून डेपोत बसून काम दिलंय, एवढं तेवढं गिऱ्हाइकांकडून कळायचं. घरी जाऊन विचारायची छाती त्याला झाली नाही.

मार्गशीर्षात एका सकाळी दुकानात फुटबॉल क्लबाची दोन पोरं खेळायच्या चड्ड्यांची मापं द्यायला आली होती. फळी कुरकुरली. मग काठी वाजली. कृष्णात एकेक पायरी जपून चढून वर आला आणि मशीनला हात टेकून उभा राहिला. त्याच्या मागं त्याचा मुलगा होता, सात वर्षांचा सयाजी. गाल वर आलेले, सदऱ्याची पोटावरची बटणं ताणलेली. बासष्ट सालचं ते पोरगं पुन्हा दारात उभं राहिल्यासारखं करीमला वाटलं.

"शाळंची खाकी चड्डी शिवायची हाय ह्येची," कृष्णात म्हणाला. त्यानं चाचा म्हटलं नाही. "माप मोठ्यांदा सांगायचं. आणि आदी माझं घ्या."

"तुझं?"

"व्हय. ह्येच्या म्होरं."

त्यानं काठी मशीनला टेकवली आणि दोन्ही हात वर केले. करीमनं टेप लावली. टेप दोनदा निसटली. क्लबाची पोरं बघत होती, सयाजी बघत होता.

"कंबर," करीम म्हणाला, आणि टेपवरचा आकडा पुन्हा एकदा बघितला. "बेचाळीस!"

एका पोराला हसू आवरलं नाही. कृष्णातनं त्याच्याकडं वळून बघितलं. "हस की, गड्या. श्रावणात ह्याच्याहून जास्त हुती." मग तो खाली वाकून मुलाला म्हणाला, "ऐकलंस? बेचाळीस. आता तू ये."

सयाजी पुढं आला. टेप पोटाला लागायच्या आधीच त्यानं श्वास आत ओढला आणि धरून ठेवला. त्याचे कान लाल झाले. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. करीम गुडघे टेकून त्याच्यासमोर बसला, टेप सैल सोडली आणि थांबला.

"सोड बाळा श्वास," तो म्हणाला. "मला घाई न्हाय."

पोरानं बापाकडं बघितलं. बापानं मान हलवली. पोट हळूहळू बाहेर आलं.

"कंबर अठ्ठावीस!" करीमनं आवाज दिला. क्लबाची पोरं ह्या वेळी हसली नाहीत. करीमनं वर बघून सवयीनं विचारलं, "वाढत्या अंगाचं शिवू?"

"आईनं तसंच सांगून पाठवलंय," कृष्णात म्हणाला. त्यानं काठी उचलून हातात घेतली. "न्हाय, चाचा. अंगाबरोबर शिवा. घट्ट झाली तर आमास्नी कळू दे."

पडद्यामागं पेन्सिल कागदावर फिरली. "अठ्ठावीस लिवलं," जुलेखा आतून म्हणाली. "पुढं."